डायनिंगमधला बार आणि कुरडयांचे डबे

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या गावात बायपासच्या अलीकडे-पलीकडे जे बंगले आणि टू बीएचके उभे राहिले, त्यांच्या वास्तुशांतीला मी बराच फिरलोय. कधी पत्रकार म्हणून, कधी शेजारी म्हणून, कधी नुसताच ओळखीचा म्हणून. पूर्वी यजमान घर दाखवताना आधी देवघर दाखवायचे, मग किचनचा ओटा, मग गच्ची. आता मध्येच एक नवा थांबा आलाय, डायनिंग. टेबलामागच्या भिंतीवर काचेची शेल्फं, त्यामागे पिवळी एलईडी, वर उलटे टांगलेले ग्लास, खाली काळ्या ग्रॅनाइटचा उंच काउंटर आणि दोन उंच स्टुलं. इंटेरियरवाले याला 'बार युनिट' म्हणतात. यजमान हसत म्हणतो, "हे आपलं असंच. पाहुण्यारावळ्यांसाठी."

दारू प्यावी की न प्यावी यावर मी आज लिहीत नाहीये. तो ज्याचा त्याचा विषय, आणि त्यावर लिहून लिहून आमच्या पिढीच्या पत्रकारांच्या शाया संपल्या. माझं म्हणणं फर्निचरपासून सुरू होतं. डायनिंगची भिंत ही घरातली सगळ्यात कामाची भिंत आहे. ती बाटल्यांच्या प्रदर्शनाला देऊ नका. ज्याला घरात ठेवायचीच आहे त्याने परवाना काढावा, कुलपाच्या बंद खणात ठेवावी, आणि उरलेली भिंत घराला परत द्यावी. हा प्रश्न एकट्या घराचा नाही, गावाचाही आहे. तिथेही येतो, पण आधी भिंत.

आपल्या जुन्या घरात डायनिंग नव्हतंच. स्वयंपाकघरात पाट मांडून बसायचं. पण भिंतीत फडताळ होतं. वरच्या खणात लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या, मधल्या खणात पाहुण्यांचे कप-बश्या, खालच्या खणात फराळाचे डबे आणि एखादा कायम बंद असलेला खण, ज्यात काय आहे ते फक्त आजीला माहीत. भांड्यांना मांडणी वेगळी. आज फर्निचरच्या दुकानात ज्याला क्रोकरी युनिट, साइडबोर्ड किंवा बफे म्हणतात ते दुसरं काही नाही, फडताळच भिंतीतून बाहेर आलंय आणि त्याला सनमायका लागलाय. त्याचं काम तेच. जेवायच्या जागेजवळ, जेवायला लागणाऱ्या वस्तू, हाताला येतील अशा ठेवणं. आणि वरच्या सपाट फळीवर चार माणसं जास्त आली की भाताचं पातेलं, आमटी, कोशिंबीर मांडता येणं.

आता प्रत्यक्ष उदाहरण. माझ्या एका जुन्या मित्राने यंदा घर बांधलं. नाव लिहीत नाही, पण त्याला विचारूनच लिहितोय. त्याची डायनिंगची जागा १० फूट बाय १२ फूट. इंटेरियरवाल्याने मोबाइलवर थ्रीडी पाठवलं. दिसायला एकदम हॉटेल. ते बघायला म्हणून मला बोलावलं होतं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, छान आहे हो. पण यात कुरडयांचे डबे कुठे ठेवायचे?"

इंटेरियरवाला गडबडला. "मॅडम, ते किचनमध्ये."

"किचनमध्ये तुम्ही ओव्हन आणि चिमणी दिलीत. डबे म्हणालात डायनिंगमध्ये."

मी तिथेच टेप मागवला. बघा, हिशोब सोपा आहे, कुणालाही घरी करता येतो. खोलीची रुंदी १० फूट म्हणजे १२० इंच. सहा जणांचं टेबल ३६ इंच रुंद. खुर्चीवर माणूस बसलेला असताना मागून दुसऱ्याने वाढायला जायचं तर टेबलाच्या कडेपासून साधारण ३६ इंच मोकळे लागतात. भिंतीला १६ इंच खोल युनिट केलं, तर १६ अधिक ३६ अधिक ३६ म्हणजे ८८. दुसऱ्या बाजूला ३२ इंच उरतात, तिथे खुर्ची ओढून बसता येतं. म्हणजे १० फुटांत १६ इंचांचं युनिट बसतं, पण जेमतेम. आता त्याच भिंतीला बारचा काउंटर आणि समोर उंच स्टूल ठेवा. स्टुलावर माणूस बसला की त्याची पाठ थेट जेवणाऱ्याच्या खुर्चीला. वाढणारी बाई जाणार कुठून? थ्रीडीमध्ये वाढणारी बाई नसतेच, म्हणून तो प्रश्न त्यांना पडत नाही.

उंचीचंही तसंच. बारचा काउंटर ४२ इंचांचा करतात, कारण उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून प्यायचं असतं. त्यावर पातेलं ठेवून वाढायचं म्हटलं तर सरासरी उंचीच्या बाईचा हात खांद्यापर्यंत वर जातो. बफेची उंची ३४ ते ३६ इंच, म्हणजे जवळपास ओट्याएवढी. एकाच वस्तूकडून दोन्ही कामं होत नाहीत. कुठलं काम घरात रोज होतं आणि कुठलं महिन्यातून दोनदा, ते ठरवा आणि मग उंची ठरवा.

शेवटी आम्ही जे कागदावर काढलं ते असं. सहा फूट लांब, १६ इंच खोल, ३६ इंच उंच. दोन-दोन फुटांचे तीन भाग. दोन फुटांचे का, तर १८ एमएमच्या प्लायची फळी तीन-साडेतीन फूट मोकळी सोडली की वजनाने मधून झुकते, आणि डिनर सेटचं वजन काही कमी नसतं. पहिल्या भागात टेलिस्कोपिक चॅनेलवर ड्रॉवर, त्यात चमचे, टेबलक्लॉथ, औषधं (हो, जेवणानंतरची गोळी शोधायला रोज रात्री घर धुंडाळणारी माणसं मी पाहिलीत). दुसऱ्या भागात माहेरून आलेली स्टीलची ताटं, वाट्या, काचेचा सेट. तिसऱ्या भागात दोन खण. कुरडया-पापडांचे उंच डबे खालच्या खणात. वरचा खण १५ इंच उंचीचा, बंद शटरचा, कुलूप असलेला. मित्राच्या बाटल्या तिथे.

१५ इंच का? ७५० मिलीची बाटली साधारण ११ ते १२ इंच उंच असते, हात घालून काढायला वर थोडी जागा लागते. भरलेली काचेची बाटली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे डझनभर ठेवल्या की १५ किलो झाले. दोन फुटांच्या प्लायला ते जड नाही. थ्रीडीमधल्या चार फूट लांब काचेच्या शेल्फला मात्र हे वजन देताना मला तरी झोप लागली नसती.

प्लायबद्दल एक वाक्य, कारण इथे फसवणूक होते. बाजारात साधा कमर्शियल प्लाय आयएस ३०३ चा, आणि पाण्याला टिकणारा आयएस ७१० चा. मिस्त्री किंवा ठेकेदार बोलताना 'वॉटरप्रूफ' म्हणतो आणि लावताना वेगळंच लावतो. शीटवरचा शिक्का बघा, फोटो काढून ठेवा. बेसिनच्या शेजारी युनिट असेल तर खालचे चार इंच स्कर्टिंग सोडून घ्या, फरशी पुसायचं पाणी आणि वाळवी दोन्ही तिथूनच चढतात.

आता शौकिनांसाठी. ज्या बाटल्यांवर तुम्ही एवढा खर्च करता त्यांचंही त्या उजेडाच्या शेल्फवर भलं होत नाही. वाईन ठेवायला १२ ते १५ अंश तापमान चांगलं समजतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागते. उजेडानेही वाईन खराब होते, म्हणून तर बहुतेक वाईनच्या बाटल्या गडद रंगाच्या. बुचाची वाईन आडवी ठेवायची, बूच ओलं राहावं म्हणून. व्हिस्की मात्र उभी, कारण तिच्यातला अल्कोहोल बूच खातो. दिवसरात्र एलईडी लावून, एसी नसलेल्या डायनिंगमध्ये, महागडी बाटली वर्षभर दाखवत ठेवायची म्हणजे आंबा उन्हात ठेवून त्याचं कौतुक करण्यासारखं आहे. अंधारा, बंद, थंड खण हा संस्काराचा भाग सोडा, बाटलीच्याही सोयीचा आहे. (आणि खरं सांगू का, मी पाहिलेल्या घरगुती बारमधल्या अर्ध्या बाटल्या रिकाम्या असतात. कुणीतरी दुबईहून आणलेली, संपलेली, धुऊन परत मांडलेली.)

मित्राच्या घरातली एक गोष्ट अजून आहे, आणि तिच्यासाठीच मी ही पोस्ट लिहायला बसलो. त्या डायनिंगमधून हॉल सरळ दिसतो. हॉलच्या भिंतीवर त्याच्या मोठ्या भावाचा हार घातलेला फोटो आहे. वय ४१. लिव्हर. शेवटचे आठ महिने आम्ही सगळ्यांनी पाहिले. थ्रीडीमध्ये तो फोटो नव्हता, तिथे कसलंतरी झाडाचं चित्र होतं. मित्र स्वतः बेताचा घेतो, महिन्यातून एक-दोनदा. तो काही वाईट माणूस नाही, आणि भावाला विसरलेला तर अजिबात नाही. त्याला फक्त घर 'आजकालच्या घरांसारखं' दिसायला हवं होतं. वहिनींनी फोटोचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. त्यानेच थोड्या वेळाने थ्रीडी बंद केलं आणि म्हणाला, "लाइट नको. खण कर."

त्याचा मुलगा दहावीला आहे. अभ्यास डायनिंग टेबलवरच करतो, कारण पंखा तिथे चांगला आहे.

आता गावाकडे येतो.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश दिला. आठवत असेल, आपल्याकडे त्या वेळी काय धावपळ झाली. लोक टेप घेऊन रस्ते मोजत होते, दारं मागच्या बाजूला फिरवत होते. पुढे २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीपुरती त्यात सूट आली. ते असो. पण दारू आणि माणूस यांच्यात अंतर किती असावं हा प्रश्न आपण देश म्हणून न्यायालयात नेला, तो घरात कुणी विचारत नाही. महामार्गापासून ५०० मीटर. आणि दहावीच्या वहीपासून? तीन फूट, पिवळ्या एलईडीसकट.

कायदाही बघा. आपल्या राज्यात लागू आहे तो १९४९ चा दारूबंदी कायदा. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असतानाचा. नाव आजही दारूबंदीचंच. म्हणजे मुळात बंदी, आणि परवाना हा अपवाद. विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा, आजन्म असे प्रकार आहेत, आणि पैसे एलईडीच्या पट्टीपेक्षा कमी लागतात. किती बाळगायची यालाही मर्यादा आहे. वयाची अट बिअर-वाईनसाठी २१, कडक दारूसाठी २५. म्हणजे कॉलेजातला मुलगा तुमच्या घरच्या बारवर मित्रांना 'सर्व्ह' करत असेल तर तो नुसता आगाऊपणा नाही.

आणि गोव्याहून आणलेल्या बाटल्या. त्यांच्या लेबलवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असल्याचं छापलेलं असतं. महाराष्ट्राचं शुल्क न भरता, परवानगीशिवाय ती इकडे आणणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे. काही मंडळींनी हा गुन्हा काचेच्या शेल्फवर, मागून लाइट लावून, मांडून ठेवलाय आणि वास्तुशांतीच्या दिवशी त्याच्यासमोर सेल्फी काढून टाकलाय. मला तर प्रेसनोटची वाट बघायचीही गरज नाही, बातमी स्वतः चालत मोबाइलवर येते.

प्रेसनोटवरून आठवलं. वीसेक वर्षं या धंद्यात आहे. राज्य उत्पादन शुल्कच्या आणि पोलिसांच्या दारूविषयीच्या किती प्रेसनोट मी बातम्या करून छापल्या असतील त्याला गणती नाही. अमुक वस्तीवर छापा, हातभट्टी उद्ध्वस्त, इतके लिटर रसायन नष्ट, आरोपी पसार. ढाब्यावर छापा, विनापरवाना बसलेले इतके जण ताब्यात. त्यात बंगल्यातल्या बार युनिटवर कारवाई झाल्याची एकही माझ्या हातून गेली नाही. पडायलाच पाहिजे छापा, असं मी म्हणत नाही. कुणाच्या डायनिंगमध्ये पोलीस घुसावेत असलं राज्य मला नको. पण वस्तीवरचा माणूस परवान्याशिवाय पितो तेव्हा तो 'अवैध', आणि आपण परवान्याशिवाय डझनभर मांडून ठेवतो तेव्हा ते 'इंटेरियर', हे मला पचत नाही.

त्याच वस्त्यांमधल्या बाया दुकान बंद व्हावं म्हणून सह्या गोळा करतात. आपल्या राज्यात ती सोय आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या ठरलेल्या प्रमाणात महिलांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. अनेक गावांत बायांनी बाटली आडवी केली. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. जिल्हाबंदी चालते की अवैध धंदा वाढवते यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, मी स्वतः सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. पण आपल्याकडच्या मोर्चांमध्ये एक दृश्य मी पाहिलंय. पुढे वस्तीवरच्या बाया, आणि फोटोला मध्ये उभे राहायला नव्या कॉलनीतले समाजसेवक. निवेदन देऊन झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने आम्हा पत्रकारांना प्रेमाने संध्याकाळी 'घर बघायला' बोलावलं. घर छान होतं. स्टुलं चामड्याची होती.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते फेकून देण्यासारखं नाही. "ढाब्यावर जाऊन पिऊन गाडी चालवत येण्यापेक्षा घरात बसून घेतलेली काय वाईट?" शंभर टक्के मान्य. बायपासवरच्या रात्रीच्या अपघातांच्या बातम्या मीच करतो. घरात घ्या. बायकोही घेत असेल तर दोघं मिळून घ्या, मला त्यात काही वावगं वाटत नाही. चोरून, न्हाणीघरात लपवून पिण्यापेक्षा उघड बरं, हेही मान्य. पण उघड आणि सजवलेलं यात फरक आहे. बंद खणात ठेवलेली वस्तू लपवलेली नसते. आपण दागिने, औषधं, कीटकनाशक सगळं कपाटात ठेवतो, लाज वाटते म्हणून नाही. घरात लहान मूल असतं, सोडायचा प्रयत्न करणारा एखादा पाहुणा येतो, सासुरवाडीचं कुणी म्हातारं माणूस येतं. त्यांना जेवायला बसवून समोर बाटल्यांवर झोत टाकायचा हा कुठला पाहुणचार? दारू सोडलेल्या माणसाला विचारा, लग्नाच्या पंगतीपेक्षा कुठल्या घरी जेवायला जाणं त्याला अवघड जातं.

मला काय हवंय ते सांगतो. राज्य उत्पादन शुल्क खात्याने परवान्याची माहिती आपल्या तालुक्यात साध्या मराठीत, फलकावर, दुकानाच्या दारात लावावी. मर्यादा किती, वय किती, बाहेरच्या राज्यातली बाटली चालते का. ऑनलाइन परवाना मिळतो हे कितीतरी पिणाऱ्यांनाच माहीत नाही. ज्या वस्तीत बायांनी अर्ज दिलेत तिथे मतदानाची तारीख लांबवत बसू नये. आणि आपले जे बिल्डर नव्या स्कीमच्या फ्लेक्सवर डायनिंगमध्ये बार दाखवून 'लक्झरी' विकतायत, त्यांनी त्याच भिंतीला कुरडयांचे डबे किती मावतात तेही छापावं. बघू किती फ्लॅट जातात. माझ्या मते जास्तच जातील.

ज्यांचं फर्निचर चालू आहे त्यांच्यासाठी शेवटची दोन कामाची वाक्यं. मिस्त्रीला ऑर्डर देण्याआधी भिंतीवर खडूने युनिटची रुंदी आणि जमिनीवर खोली आखा, टेबल-खुर्च्या मांडा, आणि घरात जी व्यक्ती वाढते तिला हातात पातेलं देऊन एक फेरी मारायला सांगा. आणि कुलपाच्या खणाला चुंबकाचा नाही, खटक्याचा लॉक लावा, दोन किल्ल्यांसह. दुसरी किल्ली वहिनींकडे.

मापांचा कागद कुणाला हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, फोटो टाकतो.